अधिक महिना कोणाचा

थांगबा
चिनी प्रजासत्ताकाचे पंचविसावे वर्ष, अधिक तिसरा महिना, चौथी

चि. वेईलानला आशीर्वाद.

तुझी आई, म्हणजे माझी अक्का, माझ्याकडे आहे. काळजीचं कारण नाही. जेवण नीट, झोप बेताची, बोलणं पूर्वीसारखंच. तुझ्या मामीच्या लोणच्यात मीठ कमी आहे, हे तिनं आल्या दिवशीच सांगितलं.

ती इथे का, ते कळवतो. तुझे वडील गेल्यावर तुझ्या भावांनी माझ्यासमोर वाटणी केली. आभाळात वीज आणि जमिनीवर मामा, असं आपल्याकडे म्हणतात. मामाशिवाय वाटणी होत नाही. तेलाचं दुकान थोरल्या शिगुआंगला, गुऱ्हाळ धाकट्या शिच्येनला. कढया, खुर्च्या, डुकरंसुद्धा वाटली. कोणी आवाज चढवला नाही. आईचं राहणं आळीपाळीनं: विषम महिने थोरल्याकडे, सम महिने धाकट्याकडे. कागद मीच लिहिला. अक्षर चांगलं आलं होतं.

पहिला महिना थोरल्याकडे झाला, दुसरा धाकट्याकडे, तिसरा पुन्हा थोरल्याकडे. मग हा अधिक तिसरा आला.

प्रतिपदेला सकाळी थोरल्यानं अक्काचं गाठोडं धाकट्याच्या दारात नेऊन ठेवलं. धाकट्यानं ते उचलून परत गल्लीच्या मधोमध आणलं.

"दादा, हा महिना तिसराच. तिसरा विषम. तुझा मान मी कसा घेऊ?"

"तिसरा माझा होऊन गेला. आता पुन्हा मीच ठेवली तर लोक म्हणतील, आईची सेवा एकट्यानं लाटली."

"म्हणू देत. तू थोरला."

"तू तिचा लाडका."

दुपारपर्यंत चाललं. अक्का मध्ये गाठोड्यावर बसून होती. शेजारणीनं तिला भोपळ्याच्या बिया दिल्या, त्या ती सोलत होती. बिया संपल्या तशी उठली आणि माझ्या घरी आली.

बांधावरून, विहिरीवरून भांडणारे भाऊ मी आयुष्यभर पाहिले. मागं सरण्यावरून भांडणारे पहिल्यांदाच पाहिले. डोळे भरून आले. ल्वोच्या चहाघरात निवाड्याचा चहा ठेवतो आहे. तू शहरात राहून विसरली असशील: दोन्ही बाजू बोलतात, गाव ऐकतं, आणि ज्याची चूक ठरते तो सगळ्यांच्या चहाचे पैसे देतो. महिना संपायच्या आत निकाल लागेल.

तुझा मामा,
श्याव बोहंग

*

चोंगचिंग
अधिक तिसरा महिना, वीस

मामांना नमस्कार.

पत्र मिळालं. ह्यांना वाचून दाखवलं. कचेरीतून आल्यावर हे सहसा हसत नाहीत, आज हसले.

मामा, तो कागद तुम्ही लिहिलात. अधिक महिना दर दोन-तीन वर्षांनी येतोच. पंचांग तुमच्या खुर्चीच्या मागंच टांगलेलं असतं.

मला तर सरळ दिसतं. दादाला आई नको आणि शिच्येनलाही नको. "नको" म्हणायची दोघांना लाज वाटते, म्हणून "तू घे" म्हणतात. तुम्ही ह्याला सौजन्य म्हणा. वहिनींना काय म्हणायचं ते त्या म्हणतच असतील.

आईला काय हवं, हे कोणी विचारलं का?

मी तिला आजच आणलं असतं. पण आमच्या दोन खोल्या, त्यात सासूबाई, आणि नदीपासून घरापर्यंत नुसता दगडी चढ. तुम्हाला कल्पना आहेच.

सोबत आईसाठी कापड पाठवते आहे.

वेईलान

*

थांगबा
चौथा महिना, सव्वीस

चि. वेईलान,

कापड मिळालं. रंग तरुण आहे, असं अक्का म्हणाली आणि ठेवून घेतलं.

पत्रात जपून लिहीत जा. बोटीवरून उतरेपर्यंत पत्र चार जणांनी वाचलेलं असतं. "दोघांनाही नको" हे वाक्य मला घाटावर हमालानं सांगितलं.

पंचांगाबद्दल लिहिलंस. कागदात चूक नाही. पंचांगात एक महिना जास्त आहे, त्याला मी काय करणार?

अधिक महिना सरला. आता चौथा, म्हणजे सम, म्हणजे धाकट्याचा. मलाही वाटलं, आपोआप मिटलं. पण शिच्येनचं म्हणणं असं: अधिक महिना दादाचा होता आणि त्यानं पाळला नाही, तो पुण्याचा हक्क दादाचा अजून शिल्लक आहे, तो आधी त्यानं घ्यावा. शिगुआंगचं म्हणणं: अधिक महिना शिच्येनचा होता, त्याला तो मिळाला नाही; म्हणून चौथा आणि पाचवा असे दोन्ही त्यालाच मिळावेत. मी दोन्ही बाजूंनी मांडून पाहिलं. दोन्ही बरोबर येतं.

मग चहा ठेवला. ल्वोच्या भिंतीवर जिल्हा कचेरीची पाटी आहे: येथे निवाड्याचा चहा पिण्यास सक्त मनाई. आमचं टेबल तिच्याच खाली. तिथं उजेड चांगला येतो.

थोरल्याच्या बाजूनं कापडवाला दंग बोलला. "आमच्या शिगुआंगला आईची सेवा काय कळते? डोकं गरम, बायको आळशी. म्हातारी तिथे वाळून जाईल. धाकटा म्हणजे रत्न."

धाकट्याच्या बाजूनं न्हावी होता. "रत्न? ह्या रत्नानं दुसऱ्या महिन्यात आईला शिळा भात घातला. मी डोळ्यांनी पाहिला. ह्याच्या घरी म्हातारी दिली तर गावाला पाप लागेल."

"शिळा भात आम्हीसुद्धा घातलाय!" थोरला उठूनच उभा राहिला.

"आम्ही त्यावर लोणचंही दिलं नाही," धाकटा म्हणाला.

"आम्ही तिला भांडी घासायला लावली."

"आम्ही तिची खोली गुळाच्या ढेपांना दिली!"

मी पेल्यावर झाकण आपटलं. गाव गहिवरलं होतं. मोठेपणा असा उघड्यावर सांडलेला कोणी पाहिला नव्हता. निकाल असा: दोघेही आपला दोष कबूल करतात, म्हणून दोष कोणाचाच नाही. कोणाचाच नाही म्हणून चहाचे पैसे कोणीच दिले नाहीत. ल्वो म्हणाला, "मामा, भांडण मिटो न मिटो, पत्ती तर उकळली ना?" त्याला म्हटलं, पुढच्या वेळी.

अक्काला काय हवं, ते विचारलं. ती म्हणाली, "मीठ."

मामा

*

चोंगचिंग
पाचवा महिना, बारा

मामांना नमस्कार.

घाटावरच्या हमालालाही नमस्कार.

तुमचं पत्र वाचून ह्या वेळी कोणी हसलं नाही. माझ्या भावांनी आईचे हाल गावासमोर सांगितले आणि गावानं माना डोलावल्या. गुळाच्या ढेपा आईच्या खोलीत आहेत, तर आई कुठे झोपत होती? तुम्ही हे विचारलंत का? की त्या वेळी तुमचेही डोळे भरून आले होते?

मामीचा निरोप बोटवाल्याच्या बायकोकडून मिळाला. मामी म्हणते, "तुझ्या आईनं माझ्या बरण्यांची जागा बदलली. आता माझ्याच स्वयंपाकघरात मी पाहुणी." म्हणजे तुमच्याकडेही फार दिवस निघतील असं नाही.

एक करा. चहा नको, गाव नको, दंग नको, न्हावी नको. दोघांना तुमच्या ओट्यावर बसवा आणि सरळ विचारा: आई हवी की नको? एका शब्दात उत्तर घ्या. "नको" आलं तर येऊ दे. निदान आपण कुठे उभे आहोत हे तिला कळेल. खरं बोलल्याशिवाय भांडण मिटत नाही, मामा.

वेईलान

*

थांगबा
सहावा महिना, तीन

चि. वेईलान,

तुझं पत्र बोचलं, पण तू लहान आहेस.

खरं बोलल्यानं भांडण मिटतं, हे तुला शहरात कोणी शिकवलं? खरं बोलल्यानं भांडण सुरू होतं. तुझ्या आज्याच्या वेळी ल्यू आणि छिन ह्या दोन घरांत कोणीतरी एकदा खरं बोललं, ती घरं अजून एका विहिरीवर येत नाहीत. मध्यस्थानं खरं शोधायचं नसतं. सगळ्यांना मान वर ठेवून घरी जाता येईल, असं काहीतरी शोधायचं असतं.

आणि ते सापडलं आहे. म्हणून हे पत्र.

काल दुसरा चहा झाला. मी म्हटलं, सेवेचा मान एकमेकांना देताना तुम्ही दोघंही थकलात. तिसरा कोणी नाही का? धाकटा विचारात पडला. मग म्हणाला, "मामा, आम्ही आंधळे. आईला सगळ्यात जवळची तर तिची लेक."

"माझ्या तोंडचं काढलंस!" थोरला म्हणाला.

न्हावी म्हणाला, "वेईलान लहानपणापासूनच आईवेडी."

दंग म्हणाला, "शहराचं पाणीही चांगलं."

वाटणी झाल्यापासून पहिल्यांदाच दोघं भाऊ एका बाकावर बसले. थोरल्यानं धाकट्याच्या पेल्यात स्वतःच्या हातानं पाणी ओतलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर निवाडा. चहाचे पैसे तेवढे राहिले, कारण चूक कोणाचीच निघाली नाही. ल्वो मला आता पाण्यासारखा चहा देतो.

घरी तुझ्या मामीला सांगितलं, तर तिनं त्या दिवशी अक्काला दोनदा वाढलं.

तेव्हा आता राहता राहिलीस तू. सरळ विचारावं, असं तूच लिहिलं आहेस. म्हणून तुझ्याच शब्दांत विचारतो: आई हवी की नको?

एका शब्दात कळव.

मामा

*

चोंगचिंग
सहावा महिना, एकोणतीस

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी वेईलानचे साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपले कृपापत्र पावले. वाचून अंतःकरण भरून आले. माझ्या थोर बंधूंनी आईच्या सेवेचा मान मज पामर लेकीस देऊ केला, ह्यात त्यांच्या मनाचा मोठेपणा दिसतो. तो मोठेपणा मी जन्मभर विसरणार नाही.

परंतु लग्न झालेली मुलगी म्हणजे दुसऱ्याच्या अंगणातलं झाड. पुत्र हयात असता कन्येने आईस ठेवून घेणे म्हणजे त्या पुत्रांच्या पुण्याईवर डाका घालणे होय. लोक माझ्या बंधूंस काय म्हणतील? त्यांच्या नावाला माझ्यामुळे बट्टा लागला तर मी वडिलांच्या आत्म्यास कोणते तोंड दाखवू? शिवाय सासूबाईंची प्रकृती नाजूक. शिवाय यंदा इकडे उन्हाळा अतोनात. पुढेमागे जागा मोठी मिळाली की मी स्वतः विनंती करीनच.

तोवर हा मान मी दोन्ही बंधूंस नम्रपणे परत करते. आईस शिरसाष्टांग नमस्कार.

आपली आज्ञाधारक
वेईलान

*

थांगबा
सातवा महिना, एकोणीस

चि. वेईलान,

वाद मिटला. कसा, ते जसंच्या तसं लिहितो.

काल तिसरा चहा होता. आधी तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं. "पुण्याईवर डाका" ह्याला सगळ्यांनी वाहवा दिली. न्हावी म्हणाला, "शिकलेली पोर." दंग म्हणाला, "रक्त एकच. तिघंही सारखीच."

तेवढ्यात अक्का आत आली.

ल्वोच्या चहाघरात बायका येत नाहीत. ती सरळ आमच्या टेबलाशी आली आणि पाटीखाली बसली. सवयीनं ल्वोनं तिच्यापुढेही पेला ठेवला. तिनं झाकणानं पत्ती बाजूला केली, एक घोट घेतला.

"जुनी पत्ती आहे," ती ल्वोला म्हणाली.

"आजी, उधारीवर हीच मिळते."

मग माझ्याकडे वळली. "बोहंग, पत्र पुन्हा वाच."

मी वाचलं. ह्या वेळी वाहवा कोणी दिली नाही. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"अक्षर तिचंच?"

"तिचंच."

"चांगलं आहे," ती म्हणाली.

थोरला उठला. "आई, तू घरी चल, आम्ही इथं ठरवतो आहोत ना."

"अधिक महिन्यापासून ठरवताय. बस." तो बसला. "बोहंग, तिन्ही वेळच्या चहाचे पैसे कोणी दिले?"

"अजून कोणी नाही, अक्का. चूक कोणाची ते ठरेना."

तिनं कानातली चांदीची कडी काढून टेबलावर ठेवली. एकच. दुसऱ्या कानात आधीच नव्हती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"ल्वो, ही घे. ज्याची चूक तो चहा पाजतो, हाच रिवाज ना?"

"अक्का, तुझी कसली चूक?" मी म्हटलं.

"अधिक महिना आला तरी जिवंत राहिले, ही."

कोणी हसलं नाही. मी हसायला सुरुवात केली होती, ती थांबवली.

मग तिनं निकाल सांगितला. मी नाही, तिनं. पैसे दिले म्हणजे ती हरली. हरलेल्या बाजूचा पुढे काही दावा उरत नाही. तेव्हा तिचा ह्या दोघांवर दावा नाही, आणि ह्या दोघांचा, विषम असो की सम, तिच्यावर नाही. रिवाजाप्रमाणे हे अगदी बरोबर बसतं. मी खूप शोधलं, खोट सापडली नाही.

डोंगराच्या पायथ्याशी म्हाताऱ्या बायकांची शाकाहारी मठी आहे, तुला आठवत असेल. दुसरी कडी तिनं सकाळीच तिथं दिली होती. चहाघराच्या दारात तिचं गाठोडं तयार होतं. ते कोणी पोचवायचं ह्यावर तुझ्या भावांचं सुरू झालं.

"दादा, तू थोरला, तू उचल."

"तुझे खांदे भक्कम आहेत, तू उचल."

तोवर ती गाठोडं घेऊन वळणापाशी पोचली होती.

गावात सगळे म्हणतात, चांगलं झालं, कोणालाच कमीपणा आला नाही. ल्वोनं नवी पत्ती काढली. मी प्यायलो नाही. उकाडा फार आहे.

मामा

*

चोंगचिंग
आठवा महिना, दोन

मामा,

आईला सांगा मी येते आहे. महिनाअखेरची बोट. तिचं गाठोडं तयार ठेवा.

माझ्या खोलीत खाट लावली आहे. हे बाहेरच्या खोलीत झोपतील. सासूबाईंना मी सांगितलं, विचारलं नाही. चढाला पालखीवाले मिळतात. ते पूर्वीही मिळत होते.

माझं ते पत्र फाडून टाका. त्यातलं एकही वाक्य माझं नव्हतं, पण अक्षर माझं होतं. आई मला अक्षर गिरवायला बसवायची तेव्हा पट्टी घेऊन शेजारी बसायची. तिला स्वतःला एक अक्षर येत नाही, पण रेघ वाकडी गेली की तिला कळायचं.

एका शब्दात उत्तर मागितलं होतंत. हवी.

हे पत्र तिला वाचून दाखवा. गावाला नको.

वेईलान

*

थांगबा
आठवा महिना, अकरा

चि. वेईलान,

तुझं पत्र घेऊन मी मठीत गेलो. एकटाच गेलो.

तिथं काय चाललं आहे ते आधी सांगतो. मठीत खिडकीजवळ एक खाट आहे. तिच्यावरून दोन बायकांचं फार जुनं भांडण होतं. दोघींनाही ती हवी: एकीची मान दुसऱ्या खाटेवर धरते, दुसरीला वाऱ्याशिवाय धाप लागते. मठीच्या प्रमुख बाई दोघींना आलटून पालटून समजावत होत्या. अक्का गेली तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमचा भाऊ गावचा मध्यस्थ. तुम्हाला ह्यातलं कळत असेल. तुम्हीच काहीतरी ठरवा."

अक्कानं दोघींचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग आपलं गाठोडं उचललं आणि त्या खाटेवर नेऊन ठेवलं.

आता त्या दोघींचं उत्तम जमतं. एका पाटावर बसून भाजी निवडतात आणि दिवसभर अक्काला नावं ठेवतात. प्रमुख बाई म्हणाल्या, मठीत इतकी शांतता कधी नव्हती. मी इतकी वर्षं पाटीखाली बसलो, हा तोडगा मला सुचला नसता.

तुझं पत्र वाचलं. "हवी" ह्या शब्दाशी तिनं मला थांबवलं. तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. मग खिडकीबाहेर बघत राहिली. खिडकीतून नदी दिसते, बोटीही दिसतात.

"येऊ दे," ती म्हणाली. "चार दिवस राहील. इथं पाहुण्यांना जागा आहे."

"अक्का, ती न्यायला येते आहे."

"न्यायला कशाला? मला खाट आहे."

तिला समजावायला गेलो नाही, हे तुला सांगायला हवं. त्या खाटेवर ती पाय पसरून बसली होती. असं बसलेली मी तिला आमच्या आईच्या घरानंतर पाहिलेली नाही.

निघताना तिनं हाक मारली. म्हणाली, "वेईलानला लिही, खिडकीतून नदीचा वारा येतो. येताना जाड रजई आण म्हणावं. नव्या कापसाची. जुना पिंजून भरलेला नको."

मी म्हटलं, "विचारतो तिला, जमतं का."

"विचारू नकोस," ती म्हणाली. "आण म्हणून लिही."

म्हणून लिहितो. आण.

मामा